पुंगळीच्या बुडावरची खडकी

काडतुसाच्या बुडावर दोन इंग्रजी अक्षरं होती, 'के' आणि 'एफ'. मधे बाणाचं टोक, खाली ४३ हा आकडा आणि रोमन सात. १९९८ च्या जानेवारीत ओहायोतल्या एका गावी भरलेल्या बंदुकांच्या बाजारात मी एका टेबलापाशी ते पितळ हातात धरून उभा होतो. टेबलामागचा म्हातारा म्हणाला, "ही इंडियन आहेत. के म्हणजे कर्की." कर्की कुठे आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. मला होतं. कर्की म्हणजे खडकी, आणि मी तिथल्याच कारखान्याच्या भोंग्यावर उठून शाळेत जाणारा मुलगा.

खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. माझे बाबा तिथे १९५९ मध्ये लागले आणि निवृत्तीपर्यंत तपासणीवर राहिले. गेज लावायचा, काडतूस पुढे सोडायचं किंवा बाजूला काढायचं, हे त्यांचं काम. माझ्या हातातलं काडतूस १९४३ चं, म्हणजे बाबांच्या आधीच्या माणसांनी पारखलेलं. महायुद्ध संपलं, देश स्वतंत्र झाला, कारखान्याचे मालक बदलले, आणि ते पितळ पंचावन्न वर्षांनी, न झाडता, बर्फात बुडालेल्या एका गावच्या टेबलावर येऊन पडलं होतं. मी वीस काडतुसं विकत घेतली. रायफल माझ्याकडे नव्हती. ती चार महिन्यांनी आली.

हे पुस्तक त्या रायफलीचं आहे. ली-एनफिल्ड हे तिचं कागदोपत्री नाव. आपल्याकडे सगळे तिला थ्री-नॉट-थ्री म्हणतात. पुस्तक मराठीत कशाला, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. भारतात सामान्य नागरिकाला ही रायफल बाळगता येत नाही, मग वाचणार कोण? पण बाळगण्याआधी ही वस्तू आपल्या पाहण्यात येते. पोलीस चौकीच्या दाराशी ती होती. ध्वजवंदनाच्या मानवंदनेत ती होती. कॉलेजात एन.सी.सी.मध्ये असताना मी तिला खांद्यावर घेऊन पुण्याच्या उन्हात तासन् तास उभा राहिलो आहे. ती 'डी.पी.' होती, म्हणजे केवळ कवायतीसाठी ठेवलेली आणि गोळी झाडण्याच्या कामातून काढलेली. नेमबाजीला आम्हाला पॉइंट टू-टूची रायफल आणि मोजून पाच गोळ्या मिळत. तीन वर्षं जिचं ओझं वाहिलं, तिच्यातून एकदाही गोळी सुटलेली पाहिली नाही. ही रुखरुख मनात राहिली आणि अमेरिकेत स्थायिक झाल्यावर ती भागवता आली.

'सरप्लस' या शब्दाबद्दल थोडं. सैन्य नवी रायफल घेतं, तेव्हा जुन्या लाखोंनी उरतात. काही वितळवल्या जातात, काही पोलिसांकडे किंवा होमगार्डकडे जातात, काही दलालांना विकल्या जातात. अमेरिकेत १९५० नंतर अशा रायफलींचा पूर आला. टपालाने मागवा, घरपोच येईल, असा मामला होता. अध्यक्ष केनेडींच्या खुनात वापरलेली इटालियन कारकानो रायफलही शिकागोच्या एका दुकानातून टपालाने मागवलेली होती. पुढे १९६८ च्या कायद्याने टपालाने होणारी विक्री थांबवली आणि लष्करी सरप्लसची आयातही. १९८४ मध्ये संग्राह्य जुन्या शस्त्रांपुरती आयात पुन्हा खुली झाली. त्यानंतर रशियन मोसिन-नागाँ, स्विस के-३१, निरनिराळ्या देशांच्या माउझर आणि आपल्या ईशापूरच्या रायफली जहाजं भरभरून आल्या. माझी पहिली रायफल या लाटेतली. पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात १९४२ साली बनलेली, शंभर डॉलरच्या आत मिळालेली. आता त्या किमती स्वप्नात राहिल्या.

ती हातात आली तेव्हा पहिल्यांदा मी तिचा बोल्ट खरोखर मोकळेपणाने चालवून पाहिला. या रायफलीचं सगळं मर्म त्या बोल्टमध्ये आहे, म्हणून पुस्तकातली दोन मोठी प्रकरणं त्यालाच दिली आहेत. आराखडा जेम्स पॅरिस ली याचा. हा स्कॉटलंडमध्ये जन्मला आणि कॅनडात वाढला. नळीच्या खाचा एनफिल्डच्या सरकारी कारखान्याच्या, म्हणून जोडनाव. १८९५ मध्ये पहिली ली-एनफिल्ड आली आणि १९०७ मध्ये तो आखूड 'मार्क तीन' नमुना, जो आपण ओळखतो: पुढचं टोक बोथट, नळी संगिनीच्या कडीपर्यंत लाकडात झाकलेली, वजन जवळपास चार किलो.

जर्मन माउझरमध्ये बोल्टला घट्ट अडकवणारे दात पुढे, काडतुसाच्या लगत असतात. तिथे ताकद जास्त. लीने ते मागे ठेवले. त्यामुळे पोलाद किंचित जास्त ताणलं जातं, पण बोल्ट कमी अंतर सरकतो आणि दांडा कमी कोनात उचलावा लागतो. शिवाय माउझरमध्ये दांडा उचलताना आतली स्प्रिंग ताणली जाते, म्हणजे तापलेल्या चेंबरमधून पुंगळी सोडवण्याचा जोर आणि स्प्रिंगचा जोर एकाच वेळी लागतो. लीमध्ये स्प्रिंग ताणली जाते बोल्ट पुढे ढकलताना, जेव्हा तळहाताला तसाही जोर असतो. कागदावर हा फरक क्षुल्लक दिसतो. हाताला तो पहिल्या पाच मिनिटांत कळतो: खांद्यावरून रायफल न हलवता, डोळा निशाण्यावरून न काढता, अंगठा आणि तर्जनीत दांडा धरून बोल्ट मागे-पुढे होतो आणि मधलं बोट चापावर येतं. मॅगझिनमध्ये दहा गोळ्या, पाच-पाचच्या क्लिपने वरून भरायच्या. १९१४ च्या आधी ब्रिटिश शिपायाला मिनिटाला १५ नेमके बार तीनशे यार्डांवर टाकता यावे लागत. मी वीस वर्षांच्या सरावानंतर बारा-तेरापर्यंत येतो, आणि ते धापा टाकत. पगारी सैनिक काय तयारीचे होते, हे मला त्या धापांतून समजलं.

काडतुसाकडे वळतो, कारण तिथे आमचं घर आहे. .३०३ ला बुडाशी उंचवटा आहे, रिम. १८८८ साली ते काळ्या दारूसाठी आखलं गेलं तेव्हा रिम ही चालरीत होती. मागाहून धुराविना जळणारी कॉर्डाइट दारू आली तरी रिम राहिली. क्लिप भरताना वरच्या काडतुसाची रिम खालच्याच्या पुढे नसेल तर दोन्ही अडकतात आणि बोल्ट ठप्प होतो. भरण्याची ही सवय शिपायाच्या बोटांत घोटवून घ्यावी लागे. कॉर्डाइट म्हणजे भुकटी नव्हे. जुनी पुंगळी उघडली तर आत लांब, शेवयांसारख्या काड्यांचा जुडगा दिसतो. हा जुडगा अरुंद मानेतून आत जाणं शक्य नाही, म्हणून पुंगळी सरळ नळकांडी असतानाच तो भरत आणि मग मान आवळत. बाबांनी हे मला अंगणात, वर्तमानपत्राच्या सुरळीत काडेपेटीतल्या काड्या घालून दाखवलं होतं. मी तेव्हा आठवीत होतो. त्यांनी त्यापुढचं कारखान्यातलं काहीच सांगितलं नाही. तशी शपथ होती, आणि ती ते पाळत.

गोळीची गोष्ट कमी सुखद आहे. कोलकात्याजवळच्या डमडमला १८९० च्या दशकात टोकाचं शिसं उघडं ठेवलेली गोळी तयार झाली. अंगात शिरली की ती फाकत असे. १८९९ च्या हेगच्या परिषदेने फाकणाऱ्या गोळ्यांवर बंदी घातली. मग १९१० ला मार्क सात आली. ती वरून पूर्ण झाकलेली, म्हणजे नियमाला धरून. पण तिच्या टोकाच्या आत शिशाऐवजी अ‍ॅल्युमिनियम किंवा दाबलेला लगदा. वजन मागे गेलं. हवेत ती नीट उडते आणि मांसात शिरली की उलथते. १७४ ग्रेन वजन, नळीतून सुटताना सेकंदाला २,४४० फूट वेग. कुणीतरी शांत डोक्याने, कागद-पेन्सिल घेऊन हे आखलं होतं. मी कागदाच्या गोल निशाण्यावर नेम धरतो तेव्हा हे विसरत नाही, आणि हे न सांगता या रायफलीचं कौतुक करणारी पुस्तकं मला अपुरी वाटतात.

माझा छंद मुख्यतः इतिहास वाचण्यासाठी आहे. रायफल चालवल्यावर पुस्तकातले आकडे वेगळे बोलतात. १३ एप्रिल १९१९ ला जालियनवाला बागेत पन्नास रायफलधारी शिपायांनी सुमारे दहा मिनिटांत १,६५० गोळ्या झाडल्या, हे आपण शाळेत शिकलो. मी ते वाक्य परीक्षेत लिहून गुण मिळवले. अनेक वर्षांनी, रेंजवरून परत येताना, गाडीत बसून मी भागाकार केला. माणशी ३३ गोळ्या. मिनिटाला तीनच्या थोडं वर. ज्या रायफलीने मिनिटाला पंधरा बार काढता येतात, तिच्यातून तीन. म्हणजे घाबरून केलेला भडिमार नव्हे. दर बारानंतर बोल्ट ओढायला, गर्दी जिथे दाट आहे तिकडे नळी वळवायला, नेम धरायला भरपूर वेळ होता. अंदाजे सहा वेळा थांबून, वाकून, पाच-पाचच्या क्लिपा भरायला वेळ होता. दर क्लिपेला हात थांबवण्याची एक संधी होती. त्या रात्री मी रायफल साफ केली नाही, तशीच कपाटात ठेवली. सरकारी आकड्याप्रमाणे तिथे ३७९ माणसं मेली.

हीच रायफल मराठी पलटणींच्याही हातात होती. कुट-अल-अमाराच्या वेढ्यात सहाव्या पूना डिव्हिजनबरोबर १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी अडकल्या. २९ एप्रिल १९१६ ला उपासमारीने शरणागती आली. तिथे गोळ्यांआधी धान्य संपलं. त्यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणून इथे लांबवत नाही.

१९६२ मात्र या कथेत अगदी आत आहे. चिनी आक्रमणाच्या वेळी आपल्या जवानांपाशी .३०३ होती आणि समोर आपोआप भरणाऱ्या रायफली. त्यानंतर ७.६२ मिलिमीटरचं काडतूस आलं, त्यासाठी एस.एल.आर. रायफल ईशापूरला बनू लागली. पण ती सगळ्यांना लगेच पुरणार नव्हती. म्हणून ईशापूरने जुन्या लीच्या आराखड्यातच, अधिक मजबूत पोलाद वापरून, ७.६२ साठी नवी रायफल काढली. १९६३ ला '२ए', आणि मागचं निशाण २,००० वरून ८०० मीटरवर आणल्यावर '२ए१'. मॅगझिन बारा गोळ्यांचं, चौकोनी, ओळखायला सोपं. अमेरिकेत अजूनही लोक तिला 'कापून बदललेली थ्री-नॉट-थ्री' समजतात. हे चूक आहे. ती नव्याने घडवलेली रायफल आहे आणि तिच्यावर राजमुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आहेत. याच दशकात, १९६४ मध्ये, जळगाव जिल्ह्यात वरणगावचा कारखाना उभा राहिला आणि तिथे ७.६२ ची काडतुसं होऊ लागली. माझ्याकडची २ए१ १९६७ ची आहे. तिच्याइतकी प्रामाणिक रायफल मी दुसरी चालवलेली नाही. इंग्रजांनी मागे ठेवलेल्या साच्यातून, हरल्यानंतरच्या घाईत, आपल्या माणसांनी ती उभी केली, आणि ती टिकली.

टिकली ती जरा जास्तच. २००८ च्या २६ नोव्हेंबरच्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एके-४७ घेतलेल्या दोघांसमोर उभ्या राहिलेल्या पोलिसांपैकी काहींच्या हातात थ्री-नॉट-थ्री होती. मूळ नमुना १९०७ चा. त्या पोलिसांना नंतर नावं ठेवली गेली, याचा मला आजही राग येतो. दर गोळीनंतर हाताने बोल्ट ओढायचा, समोर पळती गर्दी, आणि पलीकडून अखंड मारा. असं उभं राहणं काय असतं, ते ज्याने तो बोल्ट ओढला आहे त्याला कळेल. उत्तर प्रदेश पोलिसांनी २६ जानेवारी २०२० च्या संचलनात या रायफलीला रीतसर निरोप दिला. तो निरोप फार उशिरा आला.

आता कायदा. भारतात .३०३ आणि ७.६२ हे दोन्ही निषिद्ध बोअर आहेत, सरकारने खास सूट दिल्याशिवाय नागरिकाला मिळत नाहीत. याचं मूळ इंग्रजांच्या भीतीत आहे. सैन्याचं काडतूस रयतेच्या हाती पडू नये म्हणून हिंदुस्थानसाठी वेगळी .३१५ रायफल पुढे आली. गंमत अशी की ईशापूरची .३१५ स्पोर्टिंग रायफल लीच्याच बोल्टवर चालते. गावाकडे कुणा परवानाधारकाच्या भिंतीला ती टांगलेली दिसली, तर या पुस्तकातली चित्रं तिच्याशी ताडून पाहता येतील. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात. अमेरिकेत ग्रीनकार्ड किंवा नागरिकत्व असलेल्याला वाट मोकळी आहे. शिक्षणाच्या किंवा नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर आलेल्यांनी या फंदात पडू नये, तिथे नियम वेगळे आहेत आणि चूक महागात पडते.

ज्यांना घेता येते त्यांच्यासाठी विकत घेण्याचं प्रकरण सविस्तर लिहिलं आहे. बोल्टवरचा क्रमांक आणि चौकटीवरचा क्रमांक जुळतो का, हे आधी बघा. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट घातलेला असेल तर बोल्ट आणि काडतूस यांच्यातली फट गेजने मोजल्याशिवाय एकही गोळी झाडू नका. नळीत दिवा धरून पाहा. मग लाकूड. या रायफलीचा नेम नळीइतकाच लाकडावर अवलंबून आहे. पन्नास वर्षं तेल पिऊन आतून मऊ पडलेलं लाकूड नळीला नीट आधार देत नाही आणि चांगली रायफल वेड्यासारखी इकडे-तिकडे मारते. बाहेरून चकाकणारी, नव्याने पॉलिश केलेली रायफल मी तरी घेत नाही. ओरखडे, दस्त्यावरचे शिक्के, कुणी चाकूने कोरलेलं अक्षर, हे सगळं घासून काढलं की रायफल उरते, तिची कहाणी जाते.

माझ्या हातून झालेली एक चूक इथेच सांगतो. ती खडकीची वीस काडतुसं मी पहिल्या वर्षी झाडली. नंतर बाजारातला नेहमीचा सॉल्व्हंट फिरवला, तेल लावलं आणि रायफल ठेवून दिली. आठवड्याने नळीत पाहिलं तर तांबडी बुरशी धरावी तसा गंज. त्या काळच्या काडतुसांच्या टोपीतल्या मिश्रणात पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळून नळीत क्षार उरतो, मिठाच्याच जातीचा. पावसाळ्यात बरणीतलं मीठ कसं ओलावतं, तसा तो हवेतलं पाणी ओढतो आणि पोलाद खातो. तेलात तो विरघळत नाही. उकळतं पाणी ओतावं लागतं, तेही त्याच दिवशी. मग कोरडी चिंधी, मग तेल. एन.सी.सी.त आम्ही पुलथ्रूला चिंधी लावून नळी ओढत असू, पण का, हे कुणी सांगितलं नव्हतं. सत्तावन्न वर्षं धड राहिलेली नळी मी आठ दिवसांत डागाळली. ते डाग अजून आहेत.

त्या वीस पुंगळ्या मी जपून ठेवल्या. २००३ मध्ये बाबा आमच्याकडे आले होते, तेव्हा त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांनी एक उचलली, चष्मा कपाळावर सरकवला आणि अंगठ्याचं नख रिमभोवती सावकाश फिरवलं, पूर्ण गोल. दुसरी घेतली. तिसरी बाजूला ठेवली आणि म्हणाले, "हिची रिम जाड आहे. ही मी सोडली नसती." मी गेजने मोजली. जाड होती, अगदी केसभर.

मग मी रायफल आणली. चव्वेचाळीस वर्षं त्यांचा या काडतुसाशी संबंध, पण ती रायफल त्यांनी कधी हातात धरली नव्हती. कारखान्यात चाचणीचा विभाग वेगळा होता. मी ती पुढे केली तर ते घेईनात. म्हणाले, "आधी उघड." मी बोल्ट मागे ओढला. त्यांनी वाकून आत पाहिलं, करंगळी चेंबरमध्ये घालून फिरवली, मॅगझिन काढायला लावलं, तेही पाहिलं. मग दोन्ही हात पुढे केले.

पुस्तकाचं पहिलं प्रकरण त्या करंगळीपासून सुरू होतं.